अंबाजीचा खडक आणि 'मला मान्य आहे'

मी एक चौकट बोलतेय. संगणकात, मोबाइलमध्ये नवं सॉफ्टवेअर भरताना मध्येच उघडते, बारीक अक्षरांचा ढीग दाखवते आणि खाली 'मला मान्य आहे' असं बटण पुढे करते, तीच मी. तुम्ही मला शेकडो वेळा पाहिलंत, वाचलं एकदाही नाहीत. पण माझा राग तुमच्यावर नाही. ज्यांनी मला असं करून ठेवलं, त्यांच्यावर आहे.

पहिल्यांदा मला क्षिप्रानं घडवलं. नवी मुंबईतल्या एका कंपनीत ती मच्छीमारांच्या सॉफ्टवेअरवर काम करायची. तिनं ठसठशीत मराठीत लिहिलं होतं : 'तुम्ही नोंदवलेल्या मासेमारीच्या जागा आमच्याकडे येतील. त्या आम्ही इतरांना दाखवू. चालेल का?' खाली सारख्या आकाराची दोन बटणं. 'नाही' दाबलं तरी सॉफ्टवेअर चालायचं.

तिचा साहेब यशोधन मला बघून हसलाच. "अगं, असं विचारलंस तर लोक नाही म्हणतील!"

"म्हणूनच विचारायचं ना, सर."

संध्याकाळपर्यंत माझी पार वाट लावली त्यानं. इंग्रजीतली एकोणचाळीस पानं माझ्यात कोंबली. क्षिप्राचं वाक्य सत्ताविसाव्या पानावर, वकिली भाषेत गाडलं. 'नाही' फिकट राखाडी करून कोपऱ्यात ढकललं. 'मान्य' मात्र हिरवंगार, डोळ्यांत भरेल असं. मी विचारण्यासाठी जन्मले होते. मला फसवायला बसवलं.

मुरुडच्या कोळीवाड्यात चंदरच्या ओटीवर मी उघडले, तेव्हा समोर त्याची कॉलेजात जाणारी लेक प्रणाली होती. वारा, भरती-ओहोटी कळावी आणि बापाच्या जागा नीट लिहून ठेवाव्यात, एवढाच तिचा हेतू. खाली जा गं, सत्ताविसावं पान बघ, असं ओरडावंसं वाटत होतं. मला आवाज कुठला? तिनं हिरवं बटण दाबलं.

चंदर शेजारी बसून एकेक जागा सांगू लागला.

"हिला नाव काय देऊ, बाबा?"

"तुझ्या आज्याचा दे."

तिनं लिहिलं, 'अंबाजीचा खडक'.

आजा ओटीवरच जाळं विणत बसला होता. ऐंशी उलटलेल्या अंबाजीनं तरुणपणी किनाऱ्यावरच्या देवळाचा कळस आणि दोन माड एका रेषेत धरून तो पाण्याखालचा खडक हेरला होता. तिथं गळाला तांबोशी हमखास लागायची. चंदरची छोटी होडी त्या खडकावरच तगून होती.

दिवाळीनंतर शेजारचा अल्पेश मोबाइलवर तेच सॉफ्टवेअर उघडून आला. "चंदरदादा, यात 'खात्रीच्या जागा' म्हणून नवीन आलंय. बघ, तुझ्या बापाचा नाव हाय इथं!"

दुसऱ्या दिवशी खडकाभोवती नऊ होड्या होत्या. दोन तर कुठून आल्या तेही कुणाला ठाऊक नव्हतं. आठवड्याभरात चंदरचे गळ रिकामे वर येऊ लागले.

"कोनाला इचारून दिला त्यांनी?" तो गरजला.

प्रणालीनं कंपनीला फोन लावला. पलीकडचा आवाज अगदी गोड. "मॅडम, तुम्ही मान्य केलंय. आमच्याकडे नोंद आहे. दिलेली माहिती परत घेता येत नाही."

ती नोंद म्हणजे मी! चोरी त्यांनी करायची आणि साक्षीला मला उभं करायचं, तेही या पोरीच्या विरुद्ध. त्या क्षणी मला मोडून पडावंसं वाटलं.

प्रणालीनं मला पुन्हा उघडलं. शब्दकोश घेऊन तीन दिवस बसली. सत्ताविसाव्या पानावर तिचा हात थांबला. तिनं ते मराठीत वाचून दाखवलं, तेव्हा अंबाजीनं जाळं खाली ठेवलं.

"मी पोटच्या पोराला पन तीन वर्सं वल्हं मारल्यावर दाखवला तो खडक," तो म्हणाला. "त्यांनी तुला इचारला व्हता?"

"इचारलं व्हतं, आजा. कलंल असं न्हाय."

"मग तो इचारना न्हाय, पोरी."

प्रणाली मच्छीमार सोसायटीत गेली आणि ते पान सगळ्यांसमोर वाचलं. चौदा होड्यांनी सॉफ्टवेअर काढून टाकलं. खडक मात्र परत आला नाही. चंदर आता दिघीच्या बाजूला दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो.

आणि मी? मी अजून उघडतेच आहे. मला लिहिणाऱ्यांनो, काय घेणार ते पहिल्या ओळीत लिहा, समोरच्याच्या भाषेत लिहा. 'नाही' म्हणायला त्याला जागा ठेवा. तेवढी हिंमत नसेल, तर विचारल्याचं सोंग तरी करू नका.

आज सकाळी रेवसला कमळ नावाच्या बाईनं मला उघडलंय. तिनं वाकून बघितलं, डोळे बारीक केले. नवऱ्याला विचारलं, "यात लिव्हलंय काय एवढं?"

"काय न्हाय गो. हिरवा दाब."