चिंधाच्या नावाची मूठ

"चिंधाभाऊना नावनी मूठ घालू का?" कलाबाईने विचारले.

गव्हाच्या पाटीत हात घालून ती थांबली होती. श्रावणात कानबाई देवी बसवायची तर भाऊकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ धरायची, तो गहू दळायचा आणि त्याचे रोट सगळ्या भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे, ही रीत खानदेशातून त्यांच्याबरोबर सुरतेला आली होती. बाहेरच्याला त्यातला तुकडाही चालत नाही.

"घाल ना. तो काय परका शे का?" तिचा नवरा निंबा म्हणाला.

"परका नही. पण येवाव शे का?"

चिंधा निंबाचा सख्खा चुलतभाऊ. दोन वर्षांत तो या दारात आला नव्हता.

पांडेसराच्या मिलमधल्या रंगखात्यात निंबाला कोणी हिंग लावून विचारत नसे. नवागामच्या वस्तीत मात्र त्याचा शब्द चाले. गावाकडून आलेल्या कितीतरी जणांना त्यानेच खोली पाहून दिली होती, कामाला चिकटवले होते. किरीटभाई शेअरवाल्याला हे नेमके ठाऊक होते. मोठा हुशार माणूस. गिऱ्हाइकाच्या खिशाआधी तो त्याची भाऊकी पाहून ठेवी.

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. राजस्थानात ग्रॅनाइटची खाण निघाली होती म्हणे. किरीटभाईने हॉल घेऊन सभा भरवली. पडद्यावर डोंगर फोडणारी यंत्रे दाखवली, कचोरी खाऊ घातली आणि निघताना प्रत्येकाला गुळगुळीत काळ्या दगडाचा एक तुकडा दिला, मखमली डबीत. दगडात आपले तोंड दिसत होते.

निंबाने तो घरी आणला. नवी वस्तू आधी देवापुढे ठेवायची, म्हणून त्याच दिवशी बसलेल्या कानबाईशेजारी ठेवला. कलाबाईने हळदकुंकू वाहताना त्यालाही बोट लावले. दुसऱ्या दिवशी भाऊकी रोट खायला आली आणि देवीशेजारी कुंकू लावलेली खाण पाहून गेली.

किरीटभाईच्या कानावर हे गेले तसा तो मनापासून हसला. पुढची सभा त्याने नवागाममध्येच घेतली. निंबाला खुर्चीवर बसवून गळ्यात हार घातला.

"निंबाभाई, तमारा लोको तमारुं ज माने. हवे तमे ज बे शब्द बोलो."

लग्नानंतर प्रथमच गळ्यात हार पडलेला माणूस. दोन शब्द बोलायला तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी तो दगड कानबाईजोडे ठेयेल शे. आजून काय सांगू?"

आणखी काही सांगावे लागलेच नाही. लोकांनी तिथेच फॉर्मवर अंगठे उठवले. चिंधाची मिल नुकतीच बंद पडली होती. हिशेबाचे जे पैसे हातात आले होते ते त्याच्या मुलीच्या, वर्षाच्या लग्नाचे होते. तेही त्याने घातले.

शेअर बाजारात आला आणि वर चढला. किरीटभाईने पेढे वाटले. चिंधा तेव्हा विकायला निघाला होता. "थांब ना भाऊ, आजून चढी," असे निंबानेच त्याला सांगितले, कारण किरीटभाईने निंबाला तसे सांगितले होते. चढवणाऱ्यांनी तोवर आपले विकून हात धुऊन घेतले होते. मग भाव असा घसरला की पेपरात छापायचाही बंद झाला. किरीटभाई नाहीसा झाला आणि त्याच्या ऑफिसच्या जागी एसटीडी बूथ आला. वर्षाचे जमलेले लग्न मोडले.

निंबाचे स्वतःचेही त्यात बुडाले होते. हारापलीकडे त्याला काही मिळाले नव्हते. हे मात्र कोणी खरे मानले नाही, आणि त्याचेच त्याला जास्त लागे.

यंदाही रविवारी कानबाई बसली. सोमवारी सकाळी रोट निघाले. कलाबाईने ताटे मांडली, राघोचे, लखनचे, सगळ्या भाऊबंदांचे. खीर निवली. वाजंत्री गल्लीतून येऊन गेली. दारात कोणी आले नाही.

ऊन कलल्यावर चिंधा आला.

निंबा धडपडत उठला. "ये, भाऊ, ये."

चिंधा देवीच्या पाया पडला. तिच्या शेजारची रिकामी जागा त्याने पाहिली.

"दगड नही ठेवा का यंदा?"

निंबाने पाट पुढे सरकवला. चिंधा आपल्या ताटावर बसला. आपल्या नावाचा रोट त्याने खिरीत मोडून शेवटच्या घासापर्यंत सावकाश खाल्ला, ताटातच हात धुतला आणि उठला. चप्पल घालताना तो कलाबाईशी बोलला, निंबाशी नाही.

"वहिनी, येता सालले मनी मूठ नका धरू. आम्ही आमनी कानबाई आमना घर बसाडसूत."

कलाबाई पदर तोंडाला लावून उभी राहिली. भावाभावांचे भांडण एक दिवस मिटते. देव वेगळे झाले की घरे वेगळी होतात, हे तिला सांगावे लागत नव्हते. चिंधा गल्लीच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत निंबा दारात होता.

मग ती ताटे उचलू लागली.

"ऱ्हाऊ दे," निंबा म्हणाला. टाकता येत नाही, शेजाऱ्याला देता येत नाही. भाऊकीचे भाऊकीतच संपायला हवे.

तो राघोच्या ताटावर बसला. खीर आळली होती, रोट कडक झाला होता.

"हाऊ राघोना," असे म्हणून त्याने तुकडा मोडला. तो संपल्यावर सरकून पुढच्या ताटावर बसला. "हाऊ लखनना."

कलाबाईने पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ आणून ठेवला आणि शेजारच्या ताटावर तीही बसली.