मारिएल्बाच्या पाठीमागे

माझी युलेइसी भाला फेकते आणि टीव्हीवाल्यांना उंच उडीवाली मारिएल्बा आवडते. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं कळेल.

त्या दुपारी अंतिम फेरी बघायला अख्खी गल्ली फेलोच्या कोलमादोवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, जमली होती. टीव्ही माझ्या घरीही आहे, पण आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा भरवसा नाही, आणि फेलोच्या दुकानात बीअर थंड ठेवायला इन्व्हर्टर आहे. डॉमिनोवाल्यांनी डाव अर्धा टाकून खुर्च्या पडद्याकडे वळवल्या. शेजारची नुर्का केसांत रोलर तसेच ठेवून धावत आली. सगळ्यांना पदक हवं होतं. मला फक्त माझ्या पोरीचा गुडघा धड हवा होता.

गेल्या वर्षी त्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, हा पुन्हा गेला तर खेळ विसरायचा, काठीशिवाय चालली तरी नशीब समजा. पोरगी म्हणाली, एवढी स्पर्धा होऊ दे, मग बघू.

भालाफेक आणि उंच उडी एकाच वेळी चालल्या होत्या, मैदानाच्या एकाच टोकाला. पण दाखवत होते ते मारिएल्बालाच. मारिएल्बा पाणी पितेय, मारिएल्बा वेणी सोडतेय, मारिएल्बाच्या नखांवर झेंडा रंगवलाय. समालोचक तिला 'आपली बाहुली' म्हणत होता. बाहुलीनं दोनदा दांडी पाडली, तरी त्याचं कौतुक काही आटेना. माझ्या मुलीनं भाला फेकला हे मला पडद्याखालच्या बारीक अक्षरांवरून कळायचं. चौथी, म्हणे. कशी उभी आहे, लंगडतेय का, ते त्या अक्षरांत कुठून दिसणार?

युक्ती नुर्काला सुचली. "रेमिहिया, तिच्याकडे बघू नकोस गं," ती मला म्हणाली. "तिच्या मागं बघ."

खरंच की. मारिएल्बाच्या खांद्यामागे, धूसर, भालाफेकीची धावपट्टी दिसत होती. मग सगळं दुकान त्या खांद्यामागे डोळे लावून बसलं. निळ्या सदऱ्यातली एक आकृती हातात भाला घेऊन चालत होती. चेहरा दिसत नव्हता, पण नऊ महिने पोटात वागवलेली पोर चालीवरून ओळखू येते. डावा पाय जपून टाकत होती. शेवटची फेक होती तिची. नको फेकूस, मी मनात म्हणत होते, चौथी तर चौथी, घरी ये.

ती धावायला लागली आणि नेमकी तेव्हाच मारिएल्बानं मान झटकून मोकळे केस उडवले. सगळा पडदा केसांनी भरला. केस बाजूला झाले तेव्हा माझी मुलगी जमिनीवर पालथी पडली होती.

ती उठेना. मारिएल्बानंही मागं वळून पाहिलं आणि तिच्याकडे धावत सुटली. कॅमेरा तिच्यामागे निघाला. आता दिसेल, आता दिसेल म्हणून मी गल्ल्याची कड घट्ट धरली. समालोचक म्हणाला, बघा, बाहुली मनानंही किती सुंदर आहे. आणि शाम्पूची जाहिरात लागली.

मी त्या मेल्यांना काय काय बोलले ते इथं सांगत नाही. जाहिरातीनंतर दोन टायवाले बाप्ये मारिएल्बाला वेणी शोभते की मोकळे केस, यावर गप्पा मारत बसले. युलेइसीच्या प्रशिक्षकाला फोन लावला, तर बंद. मग खालच्या पट्टीत अक्षरं सरकली: भालाफेक, सुवर्ण, नवा राष्ट्रीय विक्रम, आणि माझ्या पोरीचं नाव. दुकानात नुसता कल्ला. फेलोनं सगळ्यांना फुकट बीअर दिली, जे तो बापाच्या मयतालाही करणार नाही. मला हसू येत नव्हतं. पट्टीत गुडघ्याचं काही लिहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं अनोळखी नंबरवरून फोन आला. "मावशी, मी मारिएल्बा. तिला फोन देते हं." आवाज रडका होता. तिच्यावर रागवायचं म्हणून मी किती तयारीत बसले होते, पण जमलं नाही.

मग युलेइसी बोलली. गुडघा गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले होते, आता पुन्हा भाला नाही. हे तिनं अगदी शांतपणे सांगितलं. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून नुर्कानं स्पीकर लावला होता.

"आई, एक सांग," ती म्हणाली. "हातातून सुटला आणि मी तोंडावर आपटले. भाला कसा गेला ते मला दिसलंच नाही. नुसता लोकांचा ओरडा ऐकला. तू पाहिलास ना? कसा गेला गं?"

आम्हाला तर तेव्हा नुसते केस दिसले होते.

"उंच गेला, पोरी," फेलोच आधी बोलला. "मला वाटलं, खाली येतोय की नाही."

"वाऱ्यानं जरा डावीकडे ओढला," एक डॉमिनोवाला म्हणाला, "पण पुन्हा सरळ झाला."

"आणि असा रुतला," नुर्का म्हणाली, "की काढायला आलेल्या माणसाला दोन्ही हात लावावे लागले."

पलीकडे ती हसली. किती दिवसांनी हसली. मग विचारलं, "पुन्हा दाखवला का?"

"दाखवला," मी म्हटलं. "सारखा तोच दाखवतायत."

"मग कुणाकडून तरी रेकॉर्डिंग घेऊन ठेव ना. मी आले की दोघी मिळून बघू."

ठेवते म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी त्या फेकीचं रेकॉर्डिंग मागायला मी टीव्ही वाहिनीला फोन केला. तिथली मुलगी फार गोड बोलली. भालाफेकीवर कॅमेराच लावला नव्हता म्हणाली, पण मारिएल्बाचं सगळं आहे, ते पाठवू का?

युलेइसी गुरुवारी घरी येतेय.