ग्रेडरचं घड्याळ

पुंडलिकरावांनी रुमालाची गाठ सोडली आणि घड्याळ काउंटरवर ठेवलं. स्विस बनावटीचं, पट्ट्यासकट अस्सल सोन्याचं.

"पॉलिश करायचंय का, काका?" दीपाने विचारलं.

यवतमाळच्या सराफ्यात तिचं मुलाम्याचं दुकान होतं. रसायनशास्त्र शिकलेली ही मुलगी पितळी समयांपासून परदेशी घड्याळांपर्यंत काहीही हव्या त्या रंगाचं करून देते, असं त्यांनी ऐकलं होतं.

"पॉलिश नाही. पांढरं करायचं, स्टीलसारखं. अन् तबकडीवरचं कंपनीचं नाव पुसून टाक."

दीपाने भिंग डोळ्याला लावलं आणि काढलं. "लोकं स्टीलवर सोन्याचं पाणी मागतात, काका. तुम्ही उलटंच सांगून राह्यले."

"शेतकऱ्यांत वावरतो मी. लोकांच्या डोळ्यावर येते."

"ऱ्होडियम चढवते, पांढरा धातू असतो तो. रंग कोणाला ओळखू येणार नाही. पण हातात घेणाऱ्याला कळेल. सोनं स्टीलच्या जवळपास दुप्पट जड असतं. वजनावर चढवायचा मुलामा माझ्यापाशी नाही."

"हातात कोण घेते?" ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच कोण घेतं ते त्यांना आठवलं. तरी घड्याळ तिथेच ठेवून ते आर्णीच्या गाडीत बसले.

पुंडलिकराव सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. केंद्र होतं आर्णीजवळच्या एका खाजगी जिनिंग कारखान्याच्या आवारात. त्या वर्षांत बाहेर कापसाला कोणी विचारत नव्हतं, म्हणून हमीभावासाठी कापसाच्या बैलबंड्यांची रांग फाटकाबाहेर दूरवर जायची. ग्रेडरने 'पास' म्हटलं की बंडी केंद्राच्या काट्यावर. 'नापास' म्हटलं की तीच बंडी त्याच आवारात जिनिंगच्या मालकाच्या काट्यावर, तो देईल त्या भावात.

दिवाळीला मालकाने घड्याळाची डबी त्यांच्या हातात ठेवली होती. मागितलं काहीच नव्हतं. पण तेव्हापासून पुंडलिकरावांच्या बोटांना कापूस जरा जास्त ओला लागू लागला होता, धागा जरा आखूड भासू लागला होता. एवढे दिवस घड्याळ कपाटात होतं. कपाटात ठेवून त्याचं सुख मिळेना, म्हणून ते दीपाकडे गेले होते.

ग्रेडरला कापसात कोपरापर्यंत हात घालावा लागतो. वरचा कापूस कसाही असो, आतला खरा. पट्ट्यात रुई अडकते म्हणून पुंडलिकराव आधी हातातलं जुनं घड्याळ काढायचे आणि ज्याची बंडी त्याच्याच हातात द्यायचे. माझी वस्तू तुझ्याजवळ, तुझी माझ्याजवळ. ही रीत त्यांनीच पाडली होती. त्या भागात त्यांच्या शब्दावर कोणी हुज्जत घालत नसे, त्यात या रितीचाही वाटा होता.

पांढरं झालेलं घड्याळ घालून ते आवारात आले तेव्हा पहिली बंडी मथुराबाईंची होती. बाईंनी सवयीने हात पुढे केला. पुंडलिकरावांनी घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं.

"काहून भाऊ, आज खिशात?" मथुराबाई म्हणाल्या. "मी का बाजारात नेऊन इकतो का तुमचं घड्याळ?"

रांगेत हशा झाला. मागच्या बंडीवरून तांड्याचा फुलचंद ओरडला, "नवं हाय नं, माय! नव्या नवरीवानी लपवून राह्यले भाऊ!"

आता न देणं जास्त वाईट दिसलं असतं. पुंडलिकरावांनी घड्याळ बाईंच्या तळहातावर ठेवलं. बाईंचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी घड्याळ या हातातून त्या हातात घेतलं.

"लय जड हाय हो, भाऊ."

"स्टीलचं हाय," पुंडलिकराव म्हणाले. कशाचं आहे हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

त्यांनी कापसात हात घातला. मागे फुलचंदने खाली उतरून घड्याळ मागून घेतलं. तो आता थट्टा करत नव्हता. त्याने ते तळहातावर तोललं आणि मागच्या बंडीवाल्याला दिलं. त्याने त्याच्या मागच्याला. घड्याळ हातोहात फाटकापर्यंत गेलं. कोणी हसलं नाही, कोणी चौकशीही केली नाही.

पुंडलिकरावांनी तळातली चिमूट काढून दोन्ही अंगठ्यांमध्ये ताणली. लांब धागा, कोरडा, स्वच्छ. काट्याजवळ मालकाचा मुनीम उभा होता. 'ओलावा हाय' हे शब्द सकाळपासून पुंडलिकरावांच्या तोंडात तयार होते.

"पास," ते मोठ्याने म्हणाले.

कोणी मान वर करून पाहिलं नाही. तेवढ्यात घड्याळ परत आलं. मथुराबाईंनी ते पदराने पुसलं आणि त्यांना दिलं. इतक्या हातांतून फिरून ते गरम झालं होतं.

"मांगच्या बाजाराच्या दिवशी माह्या लेकीची बंडी नापास केलती तुम्ही," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "वल्ला हाय म्हणे कापूस. वल्ला होता का, भाऊ?"

पुंडलिकरावांना उत्तर माहीत होतं. बाई बैलाची वेसण धरून काट्याकडे निघाल्या.

फुलचंदने आपल्या बंडीवरची ताडपत्री ओढली. पुंडलिकरावांनी घड्याळ त्याच्यापुढे धरलं. फुलचंदने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"राहू द्या, साहेब," तो म्हणाला. "तुमच्यापाशीच राहू द्या."

इतक्या वर्षांत या रांगेत त्यांना कोणी साहेब म्हटलं नव्हतं. त्यांनी त्याच्या मागच्या बंडीकडे पाहिलं. तिथला माणूसही हात मागे बांधून उभा होता.