बेरजेबाहेरची कमान

मी महाडच्या बाजारपेठेतल्या एका ड्रॉइंग ऑफिसातला जुना कंप्युटर आहे आणि माझ्या तोंडावर एका माणसाने पहार घातलेली आहे. घाबरू नका, मित्रांनो. काच फुटली, डावीकडचा अर्धा पडदा काळा पडला, पण मी जगलो. माझ्या एका आकड्यावर विश्वास ठेवून जो मेला, त्याची गोष्ट मला सांगायची आहे.

मालक किशोरशेठ यांनी मला आणले तेव्हा नारळ फोडला होता. पुराचे पाणी बाजारात शिरले की ते आधी मला माळ्यावर चढवायचे आणि मग गल्ला. माझ्यासमोर बसायची नाते गावची सोनाली. एमआयडीसीतल्या शेडी, टाक्या, जिने ती माझ्या पडद्यावर काढायची. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक तक्ता असायचा: कोणता भाग, त्याचे वजन किती, आणि तळाला एकूण. अमुक ओळीपासून तमुक ओळीपर्यंत बेरीज कर, असे ती मला एकदा सांगायची. मग एखादे वजन बदलले की एकूण मी आपोआप बदलायचो. “आमचा कंप्युटर चुकत नाही,” असे शेठ गिऱ्हाइकांना ऐकवायचे. खोटे कशाला बोलू, मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो.

उमरठच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. पावसाळ्यात ओढा फुगला की तिचा जगाशी संबंध तुटतो. म्हणून वाडीला ओढ्यावर लोखंडी साकव, म्हणजे पायी जायचा पूल, हवा होता. तिथला जानू एमआयडीसीत वेल्डर होता. लोखंड वाडीच्या मुंबईकर मंडळाने द्यायचे, जोडकाम जानूने सुट्टीच्या दिवशी करायचे आणि साकव ओढ्यावर चढवायला अख्ख्या वाडीने हात लावायचा, असे ठरले. सोनालीने चार ओळींचा तक्ता केला: तुळया बाराशे किलो, आडव्या पट्ट्या तीनशे तीस, कठडे दोनशे चाळीस, पत्रे आणि बोल्ट ऐंशी. मी एकूण दिले, अठराशे पन्नास.

जानूने माझ्या काचेवर बोट टेकवले. “अठराशे पन्नास. मंग उचलाया दोन टनाची चेनपुली लय झाली. जुनी हाय, पर तेवढं पेलंल.”

आठवड्याने त्याचा थोरला भाऊ येसाजी मुंबईहून आला. तो मंडळाचा सेक्रेटरी. “पोरी, साकवाच्या तोंडाला कमान टाक,” तो म्हणाला. “दोन सिंव्ह, मधी मंडळाचं नाव. जाड प्लेटीत पायजे. लोकांनी लांबून वाचलं पायजे.”

“काका, माझी साडेपाचची गाडी आहे. उद्या करू?”

“उद्या मी मुंबईत. आत्ताच फिट कर, टेन्शन नको घेऊस.”

खांद्याला पर्स अडकवलेलीच, तशीच ती बसली. कमान काढली, तक्त्यात पाचवी ओळ घातली, कमान नऊशे किलो, आणि कागद छापून ती धावली. मला मात्र चारच ओळींची बेरीज सांगितलेली होती. पाचवी ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती, तरी खाली मी अठराशे पन्नासच दाखवत राहिलो. आम्ही सांगकामे. मला अजून त्याची लाज वाटते.

जोडकाम पुरे झाल्यावर एका रविवारी दुपारी शेठचा फोन वाजला. कमानीसकट जोडलेला साकव पुलीवर उचलला होता. चाळीस माणसे दोर धरून होती. ओढ्याच्या मधोमध साखळी तुटली. तुटलेल्या टोकाने एकाचा गाल फाडला, दुसऱ्याची तीन बोटे नेली. लोखंड खाली आले तेव्हा जानू खडकावर उभा राहून हाताने दिशा दाखवत होता. कमानीतला सिंह त्याच्या छातीवर बसला. काढायला वाडीला दोन तास लागले आणि खालच्या अंगाला बायका धुणे धूत होत्या, तिथपर्यंत पाणी लाल झाले.

तिसऱ्या दिवशी राख सावडून येसाजी तसाच महाडला उतरला. हातात पहार होती. पहिल्या घावात ऑफिसच्या दाराची काच गेली.

“कोनी काढला साकवाचा कागद?”

शेठ टेबलामागे सरकले. “येसाजीराव, आमचा काय दोष? बेरीज या मशीननं केली. मशीनच बिघडलं असेल!”

येसाजीने पहार फिरवली. माझी काच फुटून सोनालीच्या केसांत उडाली. दुसरा घाव अडवायला शेठनी हात पुढे केला आणि मनगटाचे हाड कटकन मोडले. ते ओरडत खाली बसले. तिसऱ्या घावाला पहार वर गेली, तेव्हा सोनाली माझ्यासमोर आडवी आली.

“काका, मशीनची चूक नाय. माझी हाय.”

त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळली, तिला भिंतीवर आपटले आणि पहारीचे टोक तिच्या गळ्याशी लावले. “बोल! माझ्या भावाला गोधडीत गोळा करून नेला मी. बोल, कशी चूक?”

टोकाखाली रक्ताचा थेंब आला. मला आवाज असता तर मी किंचाळलो असतो.

“बेरीज चार ओळींची होती,” ती कशीबशी म्हणाली. “नंतर पाचवी टाकली, ती धरलीच नाय. गाडी चुकंल म्हणून बघितलं नाय.”

“पाचवी कसली?”

तिने माझ्याकडे बोट केले. माझा उजवा अर्धा अजून उजळलेला होता आणि बातमी आल्यावर सोनालीने तपासायला काढलेला तो तक्ता त्यात उघडा होता. येसाजी वाकला. मंडळाच्या नावासह कमान, नऊशे किलो. त्याने ते दोनदा वाचले. मुठीतली वेणी सुटली.

“मोज,” तो म्हणाला. “माझ्याम्होरं मोज. बोटांवर.”

ती रडत रडत मोजत गेली. पाचव्या ओळीला आकडा आला सत्तावीसशे पन्नास. त्याच्या हातून पहार पडली. मग तो स्वतःचे कपाळ टेबलाच्या कडेवर आपटत सुटला. “कमान माझी गो! कमान माझी!”

“पण बेरीज माझी होती, काका,” असे म्हणत ती त्याचे डोके धरून बसली.

पोलीस येण्याआधी शेठ कण्हत म्हणाले, “सोनाली, ती ओळ पुसून टाक.” तिने पुसली नाही. चौकीत तिने सगळे खरे सांगितले. जानूच्या मृत्यूचा खटला अजून चालू आहे. साकव नव्या साखळीने उभा राहिला आणि यंदा शाळेची मुले त्यावरून गेली. त्याच्या तोंडाला कमान नाही. येसाजीने आपल्या हाताने तिचे तुकडे केले.

मला भंगारात द्यायला सोनालीने नकार दिला. उरलेल्या अर्ध्या पडद्यावर ती अजून काम करते. मी एकूण दाखवले की आधी त्यावर तळहात ठेवते, कागदावर बेरीज करते, आणि मगच हात उचलते. त्या हाताखाली मला बरे वाटते.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, आम्हाला पाण्यापासून जपा. पण एवढ्यावर थांबू नका. माझा आकडा वाचण्याआधी एकदा बोटांवर मोजा आणि बघा, काय मोजायचे राहिले. जानू तर माझ्या शब्दावर त्या खडकावर उभा होता.