बत्तिसावं भूत

अकरा नंबरच्या घरातलं भूत पहिलं वर्षभर बायकोला मारत होतं आणि दुसऱ्या वर्षी ते नवऱ्याकडे वळलं. एवढी एक गोष्ट सोडली, तर त्या भुताबद्दल बाकी सगळं मोठ्या अक्षरात छापून आलेलं होतं. आत्म्यांच्या एका अभ्यासकाने त्यावर दोनशे चाळीस पानांचं पुस्तक लिहिलं होतं. त्यात घराचा घडीचा नकाशा होता आणि जखमांवर एक स्वतंत्र प्रकरण होतं. जखमा शरीराच्या भागांप्रमाणे लावल्या होत्या. डोकं, जबडा, खांदा, बरगड्या, बोटं. कोणाचं डोकं आणि कोणाच्या बरगड्या हे पाहायचं तर तळटीपा वाचाव्या लागत, आणि भुताच्या पुस्तकातल्या तळटीपा वाचायला कोण बसलंय?

निरीक्षक बसले होते. वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला बारीक अक्षर वाचायची खोड लागते ती सुटत नाही. निवृत्तीनंतर ते दुकानदारांवरून भुतांवर आले, आणि दोन्हीकडे त्यांना फारसा फरक आढळला नाही. पारड्याखाली काहीतरी चिकटवलेलं असायचंच. आजवर त्यांनी एकतीस भुतं उघडी पाडली होती. एकही सुटलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता की तो लपवण्यासाठी त्यांना बरेच कष्ट पडत.

पद्धत खात्यातलीच. दुकानात गेलं की आधी खोट्या वजनाने सगळ्यांदेखत तोलायचं, गिऱ्हाइकांना 'बरोबर आहे' म्हणून माना डोलवू द्यायच्या, आणि मग खात्याचं वजन ठेवून त्याच माना खाली घालायला लावायच्या. भुतांचंही तसंच. आधी निरीक्षक स्वतःच भूत होत. ताटं उडत, बायका किंचाळत. मग त्यांच्या भुतं उघडी पाडणाऱ्या मंडळाचे चिटणीस उठून 'आता खरं माप' म्हणून जाहीर करत, निरीक्षक दोरा ओढून दाखवत, आणि टाळ्या पडत.

अकरा नंबरचं निमंत्रण नवऱ्याचं होतं. तो मोटार शिकवण्याच्या शाळेत शिक्षक होता आणि त्याच्याइतका शांत शिक्षक दुसरा नाही असं सगळे म्हणत. शिकाऊ माणसाने गाडी भिंतीवर घातली तरी 'हरकत नाही, आता मागे घ्या' यापलीकडे तो बोलत नसे. निरीक्षकांना घ्यायला तो शाळेचीच गाडी घेऊन आला. खांद्याचं हाड नुकतंच जुळलेलं, वरचे दोन दात गेलेले, डावा कान वरच्या बाजूने शिवलेला. इस्त्री, फुलदाणी, दगडी खल. कुठे डावीकडे वळायचं, कुठे उजवीकडे, हे सांगावं तसं त्याने सगळं क्रमाने सांगितलं.

मग म्हणाला, "भूतबीत काही नाहीये, साहेब."

निरीक्षक चमकले. एकतीस घरांत एकतीस कुटुंबांनी गळ्याची शपथ घेऊन भूत आहे म्हणून सांगितलं होतं. भूत नाही म्हणणारा हा पहिलाच.

"इतक्या खात्रीनं?"

"मला माहीत आहे ना." हे बोलून झाल्यावर लाल सिग्नल तोडल्याचं मागाहून लक्षात यावं तसा त्याचा चेहरा झाला. थोडं अंतर गेल्यावर तो पुन्हा नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, "घरातलंच कोणीतरी आहे. आई किंवा ती. तुम्ही फक्त नाव सांगा. पुढचं मी बघतो." सीटखालून त्याने चाकाचे नट खोलायचा पाना काढला, मांडीवर ठेवला, एकदा तळव्याने पुसला आणि पुन्हा आत सरकवला. परवाना दाखवावा इतक्या साधेपणाने.

राहिलेल्या रस्त्यात निरीक्षकांनी हिशोब जुळवला, आणि तो अवघड नव्हता. भूत नाही हे खात्रीने एकाच माणसाला माहीत असतं: ज्याने ते काढलं त्याला. बायकोच्या बरगड्या पहिल्यांदा मोडल्या तेव्हा इस्पितळात विचारणा झाली असणार, आणि हा मऊ आवाजात म्हणाला असणार की वस्तू आपोआप उडतात हो, आम्ही तरी काय करणार. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. पोलिसांनी 'अज्ञात व अदृश्य इसम' असा गुन्हा नोंदवला आणि तपास सुरू ठेवला. मग अभ्यासक आले, मग वर्तमानपत्रं आली, मग घराचे फोटो काढायला बसगाड्या भरून माणसं येऊ लागली. खोटं इतकं नामांकित झालं की ज्याने काढलं त्यालाही ते मागे घेता येईना. भूत नाही म्हणावं, तर पहिल्या वर्षातली हाडं कोणी मोडली ते सांगावं लागणार होतं.

घरी नवऱ्याच्या आईने पाहुण्यांना पाणी दिलं आणि भुताची तक्रार केली. "पहिल्या वर्षी शिस्तीचं होतं हो. जेवण उशिरा झालं, कोणी उलट बोललं, की मगच. हल्ली काही धरबंध राहिला नाही. कमावत्या माणसाला मारतं."

निरीक्षकांनी टेबलावर आपला काटा मांडला आणि पुस्तकातल्या एकेक वस्तूचं वजन घ्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षाच्या वस्तू तोलता येण्यासारख्या नव्हत्या: पट्टा, स्वयंपाकघराचं दार आणि 'मुठीच्या आकाराचा ऊर्जेचा गोळा'. दुसऱ्या वर्षाच्या मात्र रांगेने काट्यावर आल्या, आणि इस्त्री धरून एकही नऊशे ग्रॅमच्या खाली किंवा दीड किलोच्या वर नव्हती. सगळ्या वरून पडलेल्या. सगळ्या खिडकीखालच्या एकाच खुर्चीवर, जिथे नवरा पेपर वाचत बसे. हे भूत वजन बघून मारत होतं. निरीक्षकांना त्याच्याबद्दल नकळत आदर वाटू लागला.

बायको पडद्याच्या दुकानात शिवणकामाला होती हे त्यांना आईच्या बोलण्यातून कळलं. मग ते स्टुलावर चढले. खिडकीवर पडद्याची दांडी झाकणारी लाकडी पेटी होती, आणि पेटीत एक दोरी होती जी पडदा सोडून बाकी सगळं हलवत होती. ती वस्तू ठेवायच्या एका तिरप्या फळीला बांधलेली, तिथून भिंतीकडेने झरोक्यातून पलीकडे गेलेली, आणि स्वयंपाकघराच्या दारामागे टॉवेलच्या खुंटीपाशी संपलेली. टोक हलू नये म्हणून त्याला शिशाचा तुकडा बांधला होता, पडद्याच्या काठात घालतात तसा. एकतीस भुतांत इतकं नेटकं काम त्यांनी पाहिलं नव्हतं.

ते टोक हातात धरून उभे होते तेव्हा ती ओट्याशी भाजी चिरत होती. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळली होती. तळटीप अकरा. तिने सुरी खाली ठेवली, आणि पुन्हा उचलून चिरायला लागली.

"सापडली का, काका?"

"सापडली."

"म्हणजे रविवारी सांगणार सगळ्यांना."

ते म्हणाले की ते त्यासाठीच येतात. मग, काहीतरी बोलायचं म्हणून, घर सोडून का जात नाहीस असं विचारलं. तिने सांगितलं की ती एकदा भावाकडे गेली होती. तिसऱ्या दिवशी भूत शाळेची गाडी घेऊन न्यायला आलं. भावाच्या दारात ते 'हरकत नाही' म्हणालं. जबडा घरी आल्यावर.

"तेरा महिने झाले, काका. तेरा महिन्यांत माझं एक हाड मोडलेलं नाही. तुम्ही नाव सांगा, तुमचं कामच आहे ते. पाना सीटखाली असतो. पावणेदोन किलोचा आहे, दुकानातल्या काट्यावर घालून पाहिलाय मी."

निरीक्षकांना त्या रात्री, आणि दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा, सतरावं भूत आठवत राहिलं. ते चौदा वर्षांच्या एका मुलीचं होतं. कौलांवर दगड पडत. त्यांनी चाळीस माणसांसमोर तिच्या फ्रॉकच्या खिशातून दगड काढून दाखवले, टाळ्या घेतल्या, चहा घेतला आणि निघाले. आठवड्याने पेपरात पाचव्या पानावर चार ओळी होत्या. बापाने दाराच्या अडसराने मारलं, आणि ती पुन्हा बोलू शकली नाही. ते कात्रण त्यांनी कापलं होतं, पण फायलीत चिकटवलं नव्हतं. आजवर त्यांनी त्याचा अर्थ असा लावला होता की गोंद संपला होता.

रविवारी चार वाजता घर भरलं. शेजारीपाजारी, अभ्यासक, एक पत्रकार, चिटणीस. बसायला जागा नव्हती, आणि बायकोच्या बरगड्या मोडताना काही ऐकू आलं नाही म्हणणारी माणसंसुद्धा चांगलं दिसावं म्हणून पुढे सरकत होती. सकाळी निरीक्षक एकदा पडदे तपासून गेले होते. आता त्यांनी टेबल खिडकीखाली ओढलं, त्यावर काटा आणि वजनांची बंद पेटी ठेवली, आणि नवऱ्याला त्याच्या नेहमीच्या खुर्चीत बसवलं. बायकोला म्हणाले, ताई, तुम्ही चहा घेऊन तिकडे, रस्त्याकडच्या दारात उभ्या राहा. ट्रे खाली ठेवायचा नाही. ती सोळा कपांचा ट्रे दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. सगळ्या खोलीला ती दिसत होती.

"भूत ज्याला झोंबतं त्याचं वजन बदलतं का, ते बघू," निरीक्षक म्हणाले. "उजवा हात ठेवा काट्यावर. मनगटापर्यंत."

नवरा हसला. ही पहिली अर्धी गंमत असते हे चिटणीसांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने हात ठेवला. आईला काट्यावरचे आकडे मोठ्याने वाचायचं काम दिलं होतं, ती वाकली. आपण फुंकर मारली असं कोणी म्हणायला नको म्हणून निरीक्षक मागे सरत स्वयंपाकघराच्या दाराला टेकले, आणि तिथल्या टॉवेलला हात पुसू लागले.

"चारशे," आई म्हणाली. "चारशे वीस."

वरून खात्याच्या शिक्क्याचं दोन किलोचं लोखंडी वजन आलं. दीड मीटर उंची, मनगटाची जाडी आणि खुर्चीतल्या माणसाचं वय हे सगळं निरीक्षकांनी कागदावर मांडून पाहिलं होतं. वजनमापे खात्यात अंदाजाने काही करत नाहीत. हाड मोडल्याचा आवाज पेन्सिल मोडावी तितकाच झाला. काट्याची सुई शेवटच्या खिळ्यावर आपटून परत आली आणि थरथरत राहिली. वजन टेबलावरून घरंगळत नवऱ्याच्या पायावर पडलं, हे मात्र कागदावर नव्हतं. तो ओरडला. भावाच्या दारात, इस्पितळात, पोलिसांसमोर, शिकाऊ गाडीत, कुठेच कधी न चढलेला तो आवाज रस्त्यापर्यंत गेला. शर्टाच्या बाहीतून हाडाचं टोक वर आलं होतं आणि काट्याचं पारडं लाल होत चाललं होतं. कोणीतरी ओकलं. अभ्यासकांनी निरीक्षकांची पेटी उघडली आणि दोन किलोची जागा रिकामी पाहून त्यांना जवळजवळ रडू आलं.

चिटणीसांना एवढा जोरदार पहिला भाग कधी पाहिल्याचं आठवत नव्हतं. ते उठले. "आता खरं माप," ते म्हणाले, आणि टाळ्यांना सुरुवात करून दिली.

निरीक्षकांनी टॉवेल खुंटीला अडकवला आणि पुढे येऊन पेटीचं झाकण लावलं. "दुसरा भाग नाही," ते म्हणाले. "एकतीस घरांत कोणी ना कोणी सापडलं. इथे कोणी नाही."

नवऱ्याने दारात पाहिलं. ती तिथेच होती, दोन्ही हात ट्रेखाली, आणि सोळा कपांतला थेंबही बशीत सांडलेला नव्हता. आई त्याच्या शेजारी, रक्ताचे शिंतोडे उडालेली. त्याने वर पाहिलं.

"पण ते नाहीये," तो म्हणाला. "ते असूच शकत नाही. मला माहीत आहे, मी..."

"तुम्ही काय?" पत्रकाराने वही उघडत विचारलं.

चाळीस माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. ते उघडंच राहिलं, त्यातली गेलेल्या दोन दातांची जागा दिसत राहिली, आणि शेवटी तो म्हणाला, "काही नाही."

निरीक्षक त्याच्यावर ओणवले. आयुष्यात त्यांनी एकदाही खोटं माप चालवून घेतलं नव्हतं, म्हणून बोलताना त्यांनी काट्याकडे पाहायचं टाळलं. "ते आहे. आणि उजव्या हातावर आलंय. का, ते मला विचारू नका. हा हात पुन्हा कोणावर उचलू नका, एवढंच सांगेन."

"मी म्हणतच होते," आई म्हणाली. "धरबंध राहिला नाही."

नवऱ्याला इस्पितळात नेलं. माणसं पांगली. निरीक्षक काटा पुसत होते तेव्हा बायको धुतलेलं दोन किलोचं वजन घेऊन आली. त्यांनी ते परत घेतलं नाही. राहू दे म्हणाले, आणि घरी गेल्यावर पेटीच्या यादीत 'हरवले' असं लिहिलं. सरकारी सवयीचा तोही एक भाग होता.

मंडळाने त्यांना पुढच्याच बैठकीत काढलं. चिटणीस जुने मित्र, पण रस्त्यात भेटले की दुकानांच्या पाट्या वाचू लागले. अभ्यासकांच्या दुसऱ्या आवृत्तीत निरीक्षकांचा पानभर फोटो आला आणि त्याखाली 'कट्टर संशयवादीही नमला' असं छापलं गेलं. फोटो त्यांनी सोसला. पण तळटीप एकाहत्तरमध्ये पडलेलं वजन पाच किलोचं दिलं होतं, ते त्यांच्याने बघवेना. ते दोन किलोचं होतं अशी दुरुस्ती त्यांनी सही करून पाठवली, आणि अभ्यासकांनी 'प्रत्यक्षदर्शीची साक्ष' म्हणून तीही छापली.

तिसरी आवृत्ती त्यांनी बाहेर पडल्या दिवशीच आणली. प्रस्तावना त्यांनी वाचली नाही, फोटोचं पान उलटलं. उभ्याउभ्याच जखमांचं प्रकरण काढून ते चष्मा पुसून तळटीपा खालून वर वाचत गेले. शेवटची अजून एकाहत्तरच होती.