नंदीच्या अंगावरचे तीन पट्टे

सिद्धेश्वरीनं चादरीसाठी काढलेला नंदी तिच्या कॉम्प्युटरवर एका वेळी अर्धाच मावायचा. तोंड बघायला जावं तर शेपूट बाहेर, शेपूट आत घ्यावं तर तोंड गायब. आणि बारा वाजता अक्कलकोटचे चनबसप्पा तो अख्खा नंदी बघायला भवानी पेठेत तिच्या घरी येणार होते. वडिलांच्या पंच्याहत्तरीला त्यांना नंदीच्या दोनशे चादरी वाटायच्या होत्या.

घरचे चार माग थोरला भाऊ अनिलकुमार चालवायचा. त्यानं सकाळी चहा पितापिताच निकाल देऊन टाकला होता. ही ऑर्डर आली तर कॉम्प्युटर राहील. नाही आली तर त्या जागी बॉबिनचं कपाट येईल, आणि सिद्धेश्वरीनं काकांच्या शोरूममध्ये टॉवेलच्या घड्या घालायला जायचं. तिनं एकदा आठवडाभर घड्या घालून बघितल्या होत्या. तेव्हापासून ती घरात स्वतःचा टॉवेलसुद्धा नुसता गोळा करून ठेवायची.

कॉम्प्युटर चौदा वर्षांचा. जड सिस्टीम टाकली की त्याला धाप लागायची, म्हणून तिनं त्यावर हलकं लिनक्स घातलं होतं. ते इतकं हलकं, की त्यातला ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे चित्र कसं दाखवायचं ते कार्डाला सांगणारा प्रोग्रॅम, नावापुरता होता. स्क्रीनवर सगळं ढोबळ आणि भलंमोठं दिसायचं. नीट दिसायला कार्डवाल्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर हवा. तो कंपनी फुकट देते, पण आत काय आहे ते कुणाला दाखवत नाही. शेंगाचटणीवाला चटणी खाऊ घालतो, कृती सांगत नाही, तसंच.

दहा वाजता ती कामाला लागली. कंपनीच्या यादीत चार ड्रायव्हर होते, नव्या कार्डाला नवा आणि जुन्याला जुना. मागून अनिलकुमार म्हणाला, शिळं कशाला, त्यातल्या त्यात ताजं घे की. तिनं वरून तिसरा घेतला. तिच्या कार्डाला चौथा लागत होता, पण घरात भाजीसुद्धा अनिलकुमारच्या सल्ल्यानंच यायची. करार वाचला का, असं ड्रायव्हरनं विचारलं. न वाचता तिनं हो म्हटलं. नंतर काळ्या पडद्यावर पाऊण तास पांढरी अक्षरं पळत राहिली आणि ती त्यांच्याकडे, आपल्याला सगळं कळतंय असा चेहरा करून, बघत बसली. अनिलकुमार बघत होता ना.

मशीन बंद करून चालू केलं, आणि नंदी आला. शिंगापासून शेपटाच्या गोंड्यापर्यंत अख्खा. फक्त स्क्रीनच्या मधोमध तीन आडवे राखी पट्टे होते.

तिनं ओलं फडकं आणलं आणि पुसायला लागली. त्यात तिची चूक नव्हती. तिची आई शरणम्मा रोज पूजा झाली की मिक्सर, फ्रिज आणि पाण्याची मोटर या सगळ्यांना तीन बोटांनी विभूती लावायची, आणि कॉम्प्युटर त्याच रांगेत होता. दहा मिनिटं काच घासूनही पट्टे हलेनात, तेव्हा ती स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, "अव्वा, काचेला लावू नको म्हणून किती वेळा सांगू?"

शरणम्मा पिठाच्या हातानं बाहेर आली. आज घाईत कॉम्प्युटर राहूनच गेला, असं ती सांगत होती, तेवढ्यात तिचं लक्ष स्क्रीनवर गेलं. मग तिनं हात धुतले आणि जोडले.

चूक ड्रायव्हरची, हे सिद्धेश्वरीला कळलं तेव्हा पावणेबारा झाले होते, आणि चनबसप्पा पंधरा मिनिटं आधी येणाऱ्यांपैकी निघाले. चपला काढून ते स्क्रीनसमोर उभे राहिले. अनिलकुमारची नजर कपाट बसेल का ते मापत भिंतीवरून फिरली.

"भाळ छलो, लई झकास," चनबसप्पा शेवटी म्हणाले. "नंदी तर सगळेच काढतात. त्याला विभूती लावायचं कुणाला सुचलं नव्हतं बघ. हे पट्टे असेच पाहिजेत. एक दोरा इकडंतिकडं करायचा न्हाय."

त्यांनी तिथल्या तिथं अर्धे पैसे दिले, भाकरी खाल्ली आणि गेले.

सिद्धेश्वरीनं लगेच चौथा ड्रायव्हर उतरवायला घेतला. अनिलकुमारनं तिचा हात धरला. पट्टे गेले तर ऑर्डर गेली. पट्टे डिझाइनमध्ये नाहीतच, नुसते काचेवर दिसतात, मागावर येणार नाहीत, ते मलाच डिझाइनमध्ये रेखाटावे लागतील, असं तिनं तीनदा सांगितलं. त्यानं तिन्ही वेळा मान डोलावली आणि चादरी पोचेपर्यंत कॉम्प्युटरला काही घालायचं नाही, असं बजावून तो मागाकडे गेला.

आता काचेवरच्या पट्ट्यांच्या आड डिझाइनमध्ये तसेच पट्टे रेखाटायचे होते. आपले कुठले आणि ड्रायव्हरचे कुठले, तेच कळेना. मग तिला सुचलं. तिनं डिझाइन जरा खाली सरकवलं. जे नंदीबरोबर सरकले ते चादरीचे, जे जागेवर राहिले ते ड्रायव्हरचे. असं वर-खाली करत संध्याकाळी पाचला काम उरकलं.

अनिलकुमार बघायला आला. त्यानं बोटानं मोजले. सहा.

"हे तीन जादा कशाचे?"

"ते दाखवायचे आहेत," ती म्हणाली. "विणायचे नाहीत."

त्यानं हो म्हटलं, आणि जाताना कपाटासाठी घेतलेल्या भिंतीच्या मापाची चिठ्ठी खिशातून काढून फाडून टाकली.