पात्याचा पीळ

मिस्त्रीने आणखी एक पातं वाइसच्या पकडीत आवळलं आणि करवतीने मधोमध कापलं. दोन्ही तुकडे खालच्या पिंपात पडले.

"थांबा हो जरा," ती म्हणाली. "एक मला द्या. सरांसाठी."

"नियमात बसत नाही, ताई. प्रकल्प बंद झाला की एकही पातं शाबूत राहता कामा नये."

"अहो, अठरा वर्षं खपलेत ते याच्यापायी."

मिस्त्रीने इकडेतिकडे पाहिलं, एक पातं फडक्यात गुंडाळलं आणि तिच्या हातात कोंबलं.

"मला काही ठाऊक नाही. मी आपला मोजण्यात पहिल्यापासूनच कच्चा."

पातं वीतभर लांब होतं. विमानाच्या इंजिनात हवा दाबत आत नेणाऱ्या चाकावर अशी पाती बसतात. ही तिच्या खात्याच्या प्रमुखांनी, सरांनी, आखलेली होती; ते आजारी पडल्यावर पुढचं काम तिच्याकडे आलं होतं. चाचणीत मात्र पात्यांनी तोंडघशी पाडलं. वेग वाढवला की हवा पात्यांना धरून राहीना, उलटी फिरे आणि अख्खी इमारत हादरे. तीनदा तसं झालं, मग वरच्यांनी प्रकल्पच गुंडाळला. अंतिम अहवालावर उद्या तिची सही व्हायची होती. कारण एकाच ओळीत दिलेलं होतं: मूळ आखणी सदोष.

सरांना नुसतं पातं देऊन चाललं नसतं. सोबत चिठ्ठी लागायची, तिच्यावर मोजमाप लागायचं. म्हणून तिने ते मोजणीच्या टेबलावर लावलं. टोकाशी पीळ सरांच्या मूळ आकड्यापेक्षा दीड अंशाने जास्त निघाला. तिने पुन्हा मोजलं. तेवढाच.

हा दीड अंश तिच्या चांगल्या ओळखीचा होता. चाक जोरात फिरताना ओढ बसून पात्याचा पीळ थोडा उलगडतो, म्हणून घडवतानाच तेवढा जादा द्यायचा असतो. तो तिने दिला होता, नियमाप्रमाणे, संगणकावर. सर तेव्हा पक्षाघाताने दवाखान्यात होते, विचारणार कुणाला? तिने कपाटातून त्यांचं जुनं ड्रॉइंग काढलं. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: उलगड धरली आहे.

म्हणजे सरांनी आधीच दिलेला पीळ तिने वरून पुन्हा दिला होता. आखणी बरोबर होती. अठरा वर्षं बरोबर होती. ती तिथल्याच स्टुलावर बसली. बाहेर मिस्त्रीची करवत चालूच होती.

संध्याकाळी ती सरांकडे गेली. काकूंनी दार उघडलं.

"आलीस का गं बाई! सकाळपासून विचारतायत, पोरगी आली नाही, पोरगी आली नाही."

सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. तिने फडकं सोडून पातं त्यांच्या मांडीवर ठेवलं. आपण काय सांगायचं ते तिने रस्ताभर घोकलं होतं. सर, चूक माझी. तीनच शब्द होते.

सरांनी पातं उजव्या हातात घेतलं. त्यांचा अंगठा मोजणीच्या यंत्रापेक्षा खरा, असं सगळं खातं चेष्टेने म्हणायचं, आणि ते खोटंही नव्हतं. पण दुखण्यानंतर तो हात बधिर झाला होता. चिमटा काढला तरी कळायचा नाही. सरांनी अंगठा बुंध्यापासून टोकापर्यंत फिरवला.

"अगदी मी काढलं होतं तसंच," ते म्हणाले. "कसला फरक नाही."

त्यांनी पातं पुन्हा मांडीवर ठेवलं.

"मग चूक माझीच गं. मला वाटायचं, घडवण्यात कुठे काही झालं असेल. मेली आशा सुटत नाही. पण बरं झालं, एकदाचं कळलं."

आता बोल, तिने स्वतःला बजावलं. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि तिने दोन्ही हातांनी कप धरला. बोलायचं राहिलं, असं नाही. ती बोलली नाही.

कप ठेवायला जागा हवी म्हणून सरांनी पातं डाव्या हातात घेतलं. डावा अंगठा सवयीने धारेवरून वर सरकला. टोकापाशी थांबला. मागे आला, पुन्हा वर गेला आणि पुन्हा तिथेच थांबला.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिची मान खाली होती.

"बाकीची?" त्यांनी विचारलं.

"कापली. सगळी."

"आणि चाक?"

"भट्टीत गेलं. परवाच."

"हं."

सरांनी पातं फडक्यात ठेवलं आणि एका हाताने, जमेल तसं, गुंडाळलं.

"अहवालावर सही उद्या ना?"

"सर, मी..."

"करून टाक. मला काय आता कुठे नोकरीला जायचंय?"

काकू रिकामी बशी उचलायला वाकल्या होत्या.

"मग शेवटी निघाली तरी कुणाची चूक?" त्यांनी सहज विचारलं.

"माझी," सर म्हणाले. "मघाशीच सांगितलं की हिला."

काकू तिच्याकडे पाहत होत्या. हो म्हण किंवा नाही म्हण, एवढंच बाकी होतं. तिने कप तोंडाला लावला. चहा केव्हाच गार झाला होता. तिने तो तळापर्यंत प्यायला.